रोप किती दिवस राहणार, त्यावर माती ठरवा

नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात भाजीपाल्याच्या रोपवाटिकांचा धंदा आता चांगला रुजला आहे. टोमॅटो, ढोबळी मिरची, फ्लॉवर, कोबी यांची रोपे घरच्या गादीवाफ्यावर करण्यापेक्षा शेतकरी ती रोपवाटिकेतून ट्रेच्या हिशेबाने आणतो. प्लास्टिकचा ९८ कप्प्यांचा ट्रे, त्यात भिजवून फुगवलेले कोकोपीट, कप्प्याला एक बी आणि वर शेडनेट, एवढ्या मांडणीवर या भागातली शेती मोठ्या प्रमाणात उभी आहे आणि ती मांडणी चोख आहे. अडचण तिथे सुरू होते, जिथे हीच मांडणी जशीच्या तशी निवडुंग आणि सक्युलंट यांच्या बियांसाठी उचलली जाते. अडेनियम, मॅमिलेरिया, अ‍ॅस्ट्रोफायटम, लिथॉप्स यांचे बी आता घरबसल्या मागवता येते. सोबत कोकोपीट आणि गांडूळखताचे तयार मिश्रणही मिळते. बी उगवते, ट्रे हिरवा दिसतो आणि पहिल्या पावसाळ्यात बहुतेक रोपे बुडाशी काळी पडून आडवी होतात. दोष बियांना किंवा हवामानाला दिला जातो. माझे म्हणणे असे की दोष माध्यमाच्या निवडीत आहे, आणि त्या निवडीत आपण एक साधा प्रश्न विचारतच नाही: हे रोप या मातीत किती दिवस राहणार आहे?

टोमॅटोचे रोप ट्रेमध्ये २५ ते ३० दिवस राहते आणि शेतात जाते. तेवढ्या मुदतीत माध्यमाने ओल धरावी, मुळांना गुंतून गोळा धरू द्यावा आणि वजनाला हलके असावे, एवढीच अपेक्षा असते. कोकोपीट ती पुरी करते. निवडुंगाचे गणित निराळे आहे. बहुतेक निवडुंगांचे बी जेमतेम एक मिलिमीटरचे असते. ते एक ते तीन आठवड्यांत उगवते, पण मॅमिलेरियासारख्या गोल निवडुंगाचे रोप वर्ष संपताना वाटाण्याएवढे झाले तरी वाढ चांगली म्हणायची. म्हणजे टोमॅटोचे रोप ज्या माध्यमात एक महिना काढते, त्यात निवडुंगाचे रोप सहा महिने ते वर्षभर बसून असते. त्या काळात उन्हाळा येतो, संपूर्ण पावसाळा जातो, थंडी येते. पहिल्या दिवशी भुसभुशीत असलेले सेंद्रिय माध्यम हळूहळू कुजते, त्याचे तंतू तुटून बारीक होतात, थर खाली बसतो आणि मधली हवेची जागा कमी होत जाते. मुळे तर आता कुठे खाली उतरू लागलेली असतात. माध्यम बिघडण्याची वेळ आणि रोप नाजूक असण्याची वेळ नेमकी एकच पडते.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे: निवडुंग कुठेही उगवतो, फड्या निवडुंगाने तर माळरानेच्या माळराने व्यापली होती, त्याला कसली आली आहे निवडक माती? हा आक्षेप मोठ्या झाडाचा गुण रोपाला चिकटवतो. फड्या निवडुंगाचा मोठा फैलाव झाला तो तुटून पडलेल्या फड्यांमुळे. पाणी साठवलेली अख्खी फडी मुळे फुटेपर्यंत आठवडेच्या आठवडे तग धरते. मिलिमीटरभर बियातून आलेल्या रोपाजवळ असा साठा नसतो. अमेरिकेच्या वाळवंटातला सग्वारो हा प्रचंड निवडुंग हयातीत लाखो बिया टाकतो. त्यांतली मोजकीच रोपे जगतात, तीही बहुधा दुसऱ्या झाडाझुडपांच्या सावलीत. निसर्गाला एवढी नासाडी परवडते. पाकिटातल्या वीस-पंचवीस बियांवर भिस्त असलेल्याला ती परवडत नाही. म्हणून मोठ्या निवडुंगाला पाणी कमी द्या हा नियम रोपाला लावता येत नाही. कोवळ्या रोपाला कित्येक आठवडे सतत ओल लागते आणि त्याच वेळी मुळांशी हवाही लागते. या दोन गरजा एकाच माध्यमातून, दीर्घकाळ भागवणे हा खरा प्रश्न आहे.

तो सुटतो कणांच्या आकारावर. कुंडीत पाणी घातले की जादा पाणी भोकांतून गळते, पण सगळे नाही. तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतो, कारण कणांमधल्या बारीक पोकळ्या पाण्याला वर धरून ठेवतात. पोकळ्या जितक्या बारीक, तितका हा थर उंच. त्याची उंची कुंडीच्या खोलीवर ठरत नाही, कणांच्या आकारावर ठरते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, उथळ ट्रेमध्ये बारीक माध्यम भरले तर हा भिजका थर जवळजवळ पृष्ठभागापर्यंत पोचतो आणि मुळांना कोरडी, हवेशीर अशी जागाच उरत नाही. तेच माध्यम सात-आठ सेंटिमीटर खोल कुंडीत तुलनेने बरे वागते. दोन, तळाला खडे किंवा खापरांचा थर घालण्याची घरोघरची पद्धत निचऱ्याला मदत करत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच थांबते आणि भिजका थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. खडे घालायचे तर तळाला वेगळे न घालता माध्यमातच मिसळावेत, आणि त्यांच्यातली धूळ काढून टाकावी. साधारण एक ते चार मिलिमीटरचे दाणे या कामाला योग्य. त्यांच्या अंगावर आणि आतल्या छिद्रांत ओल राहते, दाण्यांच्या मधे हवा राहते, आणि दगड कुजत नसल्यामुळे वर्षभराने पाहिले तरी ही रचना तशीच असते.

याचा पुरावा शोधायला मेक्सिकोला जायची गरज नाही, तो जुन्नरच्या कड्यांवर आहे. शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राची, फक्त इथेच सापडणारी सक्युलंट. निकोल डॅल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात जुन्नर परिसरातून तिची ओळख शास्त्राला करून दिली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिचे नाव फ्रेरिया इंडिका असे ठेवले. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी, उभ्या कड्यांच्या फटींत ती तग धरून आहे. या कड्यांवर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस कोसळतो. पाणी जास्त झाले की सक्युलंट सडते हे सूत्र खरे असते, तर शिंदळ माकुडी केव्हाच संपली असती. प्रत्यक्षात पावसाळा हाच तिचा पाने फुटण्याचा आणि फुलण्याचा काळ. तिची मुळे ज्या फटीत असतात तिथे झिजलेल्या बेसाल्टचे दाणे आणि चिमूटभर कुजलेला पाचोळा, एवढेच असते. पाणी येते आणि निघून जाते, मागोमाग हवा आत शिरते. मुळांना मारते ते पाणी नव्हे, हवेचा कोंडमारा, हे सांगणारा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही. हे वाचून कुणी तिचे बी किंवा फांदी आणायला कड्यावर जाऊ नये. ती अतिशय दुर्मिळ आहे आणि तिची जागा कडाच आहे. तिच्याकडून घ्यायचा तो फक्त जमिनीचा धडा.

हा धडा व्यवहारात आणायला लागणारी वस्तू या तालुक्यांत पायाखाली आहे. महाळुंगे पडवळसारख्या गावात विहीर खोदली की वरची माती संपल्यावर मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. विहिरींच्या कडेला, घरांच्या पायाजवळ या मुरमाचे ढीग वर्षानुवर्षे पडून असतात. मात्र प्रत्येक मुरूम चालत नाही. बोटांत चुरडला की पिठूळ होणारा मुरूम टाळावा, तो दोन-चार पाण्यांत चिखल होतो. टणक पण अंगाला खडबडीत, बारीक छिद्रांचा मुरूम निवडावा. तो आधी मोठ्या चाळणीतून आणि मग रव्याच्या चाळणीतून काढावा, वर राहिलेले दाणे घ्यावेत, खाली पडलेली धूळ टाकावी आणि दाणे पाणी नितळ येईपर्यंत धुवावेत. काही ठिकाणच्या मुरमात चुनखडी असते. त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून फेस आला तर तो मुरूम बहुतेक निवडुंगांच्या रोपांना नको, कारण त्यांना किंचित आम्लधर्मी माध्यम मानवते. बोअरचे जड पाणी त्यात आणखी भर घालते, म्हणून शक्य तिथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. काळी माती तर मुळीच घेऊ नये. तिची चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांत केसाएवढी मुळे तुटतात. रोपवाटिकांतली तांबडी माती कुंडीत काही महिन्यांनी विटेसारखी घट्ट होते. मुरूम मिळत नसेल तर पक्क्या भाजलेल्या विटेचे चाळलेले दाणे चालतात, पण ते रात्रभर पाण्यात ठेवून विरघळत नाहीत ना हे आधी पाहावे. नदीच्या वाळूची गरज नाही. घोड आणि कुकडी या नद्यांनी वाळूउपसा पुरेसा सोसला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर उभे राहून त्यांनी प्राण दिले. त्या गावच्या मुरमाची बाजू मांडताना स्वदेशीच्या भावनेला हात घालणे सोपे आहे, पण एवढ्या मोठ्या बलिदानाला कुंडीतल्या मिश्रणाच्या वादात ओढणे योग्य नाही. मुरूम आपला आहे म्हणून घ्यावा असे माझे म्हणणे नाही. तो धुऊन, चाळून, तपासून कसाला उतरला तरच घ्यावा. आणि परदेशातून येणारा प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, किंवा काचमय ज्वालामुखी खडक भट्टीत फुलवून केलेला परलाइट, हे दोन्ही गुणाने चांगलेच आहेत. त्यांच्या बाजूने होणारा युक्तिवाद असा की त्यांचा दर्जा पोत्यागणिक सारखा असतो, मुरूम मात्र ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा. हे खरे आहे. पण त्यावर उपाय चाळणी आणि तपासणी हा आहे, दुरून माल आणणे हा नाही. नावावर विसंबून चालत नाही याचे उदाहरणही याच भागात आहे. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा जगभर अभ्यासला गेलेला थर आहे. तीही मुळात ज्वालामुखीची काचच, पण मैद्यासारखी बारीक. माध्यम म्हणून ती निरुपयोगी ठरेल, कारण तिच्या पोकळ्या पाण्याने गच्च भरतील. अर्थात तो थर वैज्ञानिक ठेवा आहे, त्याला हात लावायचाच नाही. मुद्दा एवढाच की मूळ कोणते यापेक्षा दाणा किती मोठा याला महत्त्व आहे.

मग सेंद्रिय भाग अजिबात नको का? हवा, पण थोडा. चार भाग मुरमाचे दाणे, एक भाग भाताच्या तुसाचा कोळसा आणि एक भाग पूर्ण कुजून चाळलेले पाचोळ्याचे खत किंवा धुतलेले कोकोपीट, हे प्रमाण या हवामानात सुरुवातीला धरायला हरकत नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागात भात होतो, गिरण्यांवर तूस मिळते. ते पूर्ण जाळून राख न करता काळे होईपर्यंत भाजले आणि धुतले की हलके, हवेशीर आणि न कुजणारे द्रव्य हाती येते. धुणे आवश्यक, कारण त्यातली राख अल्कधर्मी असते. कोकोपीटही धुवावेच लागते. नारळाची सोडणे बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात भिजवतात, त्यामुळे त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार राहतात. टोमॅटोचे रोप महिन्याभरात त्यातून सुटते, निवडुंगाचे रोप त्याच क्षारांत वर्ष काढते. यावर विचारले जाईल की एवढ्या दगडात रोप खाईल काय? बियातून आलेल्या निवडुंगाची पहिल्या काही आठवड्यांची भूक नगण्य असते. नंतर दर दोन-तीन आठवड्यांनी विद्राव्य खत शिफारशीच्या चौथाई मात्रेत दिले की भागते. बाहेरून दिलेले अन्न आपल्या हातात असते, कमी-जास्त करता येते. मिश्रणात एक तृतीयांश गांडूळखत घातले तर ते अन्न, त्यातली ओल आणि त्यावर वाढणारी बुरशी व चिलटे हे सगळे एकदमच पदरात पडते, आणि त्या चिलटांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात.

पुढचा आक्षेप जाणत्या शेतकऱ्याचा आहे आणि तो वजनदार आहे. माती निर्जंतुक करणे म्हणजे ती मारणे, मेलेल्या मातीत आलेली पहिली बुरशी मोकाट वाढते, त्यापेक्षा ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी घालून माती जिवंत ठेवावी, असे त्याचे म्हणणे असते. भाजीपाल्याच्या वाफ्यासाठी ते योग्यच आहे. पण निवडुंगाचे बी पेरल्यावर कुंडी प्लास्टिकने झाकून ठेवावी लागते, कारण उगवणीला दमट हवा लागते, आणि ही स्थिती कित्येक आठवडे राहते. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम या रोपे कोलमडवणाऱ्या बुरश्यांना याहून सोयीची जागा नाही. टोमॅटोचे रोप लवकर टणक होते आणि त्यांच्या तावडीतून निसटते. निवडुंगाचे रोप महिनोन् महिने कोवळेच असते. म्हणून सुरुवात स्वच्छ माध्यमाने करावी आणि झाकण काढायच्या सुमारास मित्रबुरशी द्यावी. दोन्ही उपाय एकमेकांच्या विरोधात नाहीत, त्यांचा क्रम ठरवायचा आहे. मुरमाचा आणखी एक फायदा येथे दिसतो. ८० अंशांच्या वर अर्धा तास वाफ दिली की बहुतेक रोगकारक बुरशी मरते. खतमिश्रित मातीला जास्त उष्णता लागली तर अमोनिया आणि मँगनीज मोकळे होऊन रोपांना बाधतात. धुतलेल्या दगडात ती भीती नाही. चूल किंवा कुकर वापरायचा नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत ओले माध्यम पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात ठेवावे. ही पद्धत शेतकऱ्याला नवी नाही.

युरोपातल्या मोठ्या रोपवाटिका लाखो निवडुंग पीटवर वाढवतात, मग आपणच वेगळे का, असाही प्रश्न येईल. त्यांच्याकडे तापमान, आर्द्रता आणि पाणी यंत्राच्या ताब्यात असते, रोपे ठरल्या वेळी नव्या माध्यमात हलवली जातात. भीमाशंकरच्या पायथ्यापासून मंचरपर्यंत जुलै-ऑगस्टमध्ये कुंडीतले पाणी कित्येक दिवस आटत नाही, आणि हवेतला दमटपणा कुठल्याही घरगुती गच्चीवर आपल्या हातात नसतो. जे हातात नाही त्याची भरपाई माध्यमाने करायला हवी. याच कारणासाठी पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करणे शहाणपणाचे. तापमान वीस ते तीस अंशांच्या दरम्यान सांभाळता येते आणि पाऊस लागेपर्यंत रोपांना तीन-चार महिने मिळतात.

मुरूम उकरण्याला प्रोत्साहन दिले तर डोंगर आणखी पोखरले जातील, ही चिंता मी गंभीरपणे घेतो. बेकायदा मुरूमउपशाने गावोगावच्या टेकड्यांचे लचके तोडले गेले आहेत. पण ती यंत्रांनी आणि ट्रकांनी होणारी लूट आहे. विहिरीच्या ढिगाऱ्यातले एक घमेले शेकडो रोपांना पुरते, वाफवून पुन्हा वापरता येते. पडून असलेल्या ढिगाला हात लावायचा, नवा घाव घालायचा नाही, एवढी मर्यादा पाळली की ही चिंता उरत नाही.

एवढा विचार एका छंदासाठी कशाला, असे वाटू शकते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत निवडुंगाच्या १,४७८ प्रजाती तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी ३१ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आढळल्या. मोठ्या कारणांपैकी एक होते शौकिनांसाठी होणारी जंगली झाडांची चोरी. २०२० मध्ये इटलीत चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरून आणलेले हजाराच्या आसपास निवडुंग पकडले गेले. बियातून वाढलेले झाड स्वस्तात आणि खात्रीने मिळाले तरच उपटलेल्या झाडाची मागणी कमी होईल. तेव्हा रोप जगवणारे माध्यम हा संवर्धनाचाही भाग आहे, आणि आपल्या कड्यांवरच्या दुर्मिळ वनस्पतींनाही त्याचा उपयोग होऊ शकतो.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. तयार मिश्रण विकणाऱ्यांनी पिशवीवर घटकांच्या नावांसोबत दाण्याचा आकार, क्षारांचे प्रमाण आणि सामू छापावा. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राने भाजीपाल्याच्या बरोबरीने अशा संथ वाढणाऱ्या रोपांसाठी स्थानिक मुरूम आणि तुसाच्या मिश्रणांच्या चाचण्या घ्याव्यात. चाळलेला, धुतलेला मुरूम ही इथल्या तरुण रोपवाटिकाधारकांना विकता येईल अशी वस्तू आहे. आणि घरी बी पेरणाऱ्याने कोणत्याही मिश्रणावर विश्वास ठेवण्यापूर्वी एक चाचणी करावी. एक लिटरच्या कुंडीची भोके बंद करून ती मिश्रणाने भरावी, पृष्ठभागापर्यंत पाणी घालून मुरू द्यावे, मग भोके उघडून गळलेले पाणी मोजावे. जेवढे पाणी गळाले तेवढी जागा हवेला मिळाली. हे पाणी २०० मिलिलिटरपेक्षा कमी भरले तर ते मिश्रण टोमॅटोला द्यावे, निवडुंगाला नाही. हीच चाचणी सहा महिन्यांनी त्याच मिश्रणावर पुन्हा करावी. मुरमाचा आकडा जागच्या जागी राहील आणि निव्वळ कोकोपीटचा खाली आलेला असेल. माध्यमाची निवड त्या दुसऱ्या आकड्यावर करावी.